काळं ऑइल

माझ्या वडिलांना, अण्णांना, आता गाडीखाली शिरता येत नाही. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाल्यापासून ते जेवायलाही टेबलाशीच बसतात. फरशीवर पाठ टेकून चेंबरखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या डब्याखाली, सरकणं तर लांबच. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी घरच्या वॅगन आरचं ऑइल बदलायचं काम माझ्याकडे आलं. मी खाली आडवी, अण्णा शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत. त्यांना माझे पाय दिसतात, मला त्यांच्या चपला. एवढ्यावर आमचं काम चालतं.

"धार कशी आहे?"

"करंगळीएवढी."

"रंग?"

"काळा."

"काळा असणारच. वास कसला येतोय?"

अण्णा एसटीच्या कराड डेपोत एकतीस वर्षं मेकॅनिक होते. स्वतःची गाडी त्यांनी ऑइलसाठी कधीच दुसऱ्याच्या हाती दिली नाही. आधी स्कूटर, मग जुनी घेतलेली मारुती ८००, मग २०१२ची ही वॅगन आर. प्रत्येक गाडीची एक शंभर पानी वही. पट्टीने आखलेले चार रकाने: तारीख, किलोमीटर, ऑइल, फिल्टर. आईच्या दुधाच्या हिशेबाची वही आणि ही वही टीव्हीच्या कपाटात शेजारी शेजारी असत, आणि दोन्हींत एक दिवस चुकलेला मी पाहिलेला नाही.

मी पुण्यात नोकरी करते. अण्णांचे गुडघे धरले तसं त्यांनी गाडी मला देऊन टाकली. पुणे ते कराड साधारण एकशे साठ किलोमीटर, महिन्याला एक-दोन खेपा, शिवाय पुण्यातलं रोजचं येणं-जाणं. पहिल्या वर्षी मी गाडी तिथल्या एका वर्कशॉपमध्ये सर्व्हिसिंगला टाकली. संध्याकाळी बिल मिळालं, त्यात ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर अशा ओळी आणि पुढे आकडे. फोनवर मी अण्णांना सगळं वाचून दाखवलं आणि त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. फिल्टरच्या रकान्यात लिहिलं, 'बदलला (पुणे)'.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर अण्णा म्हणाले, "या वेळी इथेच करू. तू कर, मी सांगतो."

मला गाडी चालवता येते, पण तिच्या पोटाखाली काय आहे ते मी तोवर पाहिलं नव्हतं. अण्णांनी आधी माझ्याकडून गाडी दहा मिनिटं फिरवून आणवली. ऑइल थोडं गरम हवं, म्हणजे ते पातळ होऊन तळाशी बसलेला मळ सोबत घेऊन उतरतं. फार तापलेलं मात्र नको, हात भाजतो. अंगणात त्यांनी बाभळीच्या जाड फळ्या एकावर एक ठेवून दोन उतार तयार करून ठेवले होते. पुढची दोन चाकं त्यावर चढवली, हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले. गाडीतल्या जॅकवर गाडी उचलून तिच्याखाली जायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. डेपोत त्यांनी एकदा जॅक सटकताना पाहिला आहे. त्यापुढचं ते सांगत नाहीत, आणि आम्हीही विचारत नाही. तो जॅक पंक्चर काढण्यापुरता, एवढं मात्र गाडी असलेल्या प्रत्येकाने मनाशी पक्कं करावं.

"सतराचा पाना घे. रिंग घे, फिक्स नको. फिक्सनं बोल्ट गोल होतो."

चेंबरच्या तळाशी तो एकच बोल्ट. आडवं झाल्यावर डावं-उजवं उलटं वाटायला लागतं आणि बोल्ट सुटतोय की आवळतोय ते कळत नाही. पहिल्या झटक्यात पाना हलला नाही. अण्णांना आवाजावरून कळलं. "हिसका नको. वजन टाक, हळू." वजन टाकलं. खट्ट असा आवाज आला आणि बोल्ट सैल झाला. पुढचे आटे हातानेच सोडवायचे. शेवटचे दोन आटे उरले की बोल्ट वरच्या बाजूला दाबून धरून फिरवायचा, म्हणजे ऑइल गळत नाही. आणि आटे संपले हे बोटांना कळताच हात एकदम बाजूला घ्यायचा. हे सगळं त्यांनी मला आधी अंगणातल्या पाण्याच्या टाकीच्या नळावर करून दाखवलं होतं. तरी कोपरापर्यंत ऊन ऊन ऑइल आलंच.

धार आधी लांब पडते, टोपलं थोडं पुढे ठेवावं लागतं. मग जोर कमी होतो तशी ती मागे मागे येते, टोपलं तिच्यामागे सरकवायचं. करंगळीएवढी धार सुतळीएवढी होते, मग दोऱ्याएवढी, मग थेंब. थेंब सुरू झाले की घाई करायची नाही. अण्णांनी खुर्चीतल्या खुर्चीत चहा घेतला. मी खालीच पडून थेंब मोजत होते. शंभरानंतर सोडून दिलं.

बोल्ट त्यांनी मागून घेतला. त्याच्या टोकाला राखाडी रंगाची सायीसारखी पेस्ट होती. अंगठ्यानं चोळून त्यांनी ती उन्हात धरली. इतकी बारीक झीज चालते; चमकणाऱ्या चकत्या दिसल्या तर मात्र आत कुठे तरी धातू सोलला जातोय. ऑइलला पेट्रोलचा वास आला तर पेट्रोल खाली उतरतंय. चहात दूध घातल्यासारखा रंग असेल तर इंजिन गार ठेवणारा कूलंट त्यात मिसळतोय, गाडी तशीच चालवायची नाही. आमच्या ऑइलला नुसता जळका, उबट वास होता.

"मग ठीक आहे," अण्णा म्हणाले, "तब्येत चांगली आहे."

तेव्हा मी म्हटलं, केवढं काळंकुट्ट झालंय, इतकं घाण होईपर्यंत आपण गाडी चालवली. त्यावर अण्णा जे बोलले ते मी त्यानंतर बऱ्याच जणांना सांगितलं आहे. ऑइल काळं होतं कारण ते मळ उचलून घेतं. नव्या ऑइलमध्ये साबणासारखी काही रसायनं मिसळलेली असतात. इंजिनात जळण्यातून जी काजळी, जो चिकटा तयार होतो तो ती सोडवतात, आणि बारीक कणांना एकमेकांना चिकटू न देता ऑइलातच तरंगत ठेवतात. हजारो किलोमीटर चालूनही जे ऑइल मधासारखं स्वच्छ राहील, त्याने मळ इंजिनातच ठेवला असा संशय घ्यायचा. "काळं झालं म्हणून नावं ठेवू नयेत," ते म्हणाले. डिझेलच्या एसटीत तर नवं ऑइल दोन दिवसांत काळं व्हायचं आणि नवा हेल्पर घाबरून सांगत यायचा.

मग फिल्टरची पाळी आली.

फिल्टर म्हणजे मुठीत मावेल न मावेल एवढा पत्र्याचा डबा, इंजिनाला आट्यांवर बसवलेला. हात जेमतेम शिरेल अशी जागा. मी मोबाइलचा टॉर्च मारला, मागच्या बाजूने चिंधी फिरवली, आणि धुळीखालून पांढरी अक्षरं वर आली. तारीख आणि किलोमीटरचा आकडा. ऑइलपेंटनं, बारीक ब्रशनं लिहिलेली. सातच्या पोटातून काढलेली आडवी रेघ.

सातला अशी रेघ आमच्या घरात एकच माणूस मारतो.

मी बराच वेळ काही बोलले नाही. वरून आवाज आला, "सापडला का?"

"अण्णा, यावर तुमचं अक्षर आहे."

चपला हलल्या. ते उभे राहिले असावेत. "तारीख वाच."

मी वाचली. पुण्याच्या सर्व्हिसिंगच्या आधीच्या वर्षीची, त्यांनी स्वतः शेवटचा फिल्टर बसवला त्या दिवसाची. म्हणजे बिलात फिल्टरचे पैसे लावले होते, वहीत 'बदलला' लिहिलं होतं, आणि दोन वर्षं तोच जुना फिल्टर घेऊन मी खंबाटकी घाट चढत-उतरत होते.

पैसे फार मोठे नव्हते. शंभर-दीडशेची वस्तू. पण मला त्या दिवशी जो राग आला तो अजून पुरता गेलेला नाही. गाडीखाली कुणी बघत नाही, या एका भरवशावर ते न केलेलं काम बिलात लिहिलं गेलं होतं. आणि ज्यांच्या वहीत एकतीस वर्षं एक खोटी ओळ आली नाही, त्यांच्या हातून ती ओळ मीच फोनवर लिहवून घेतली होती.

अण्णा पैशांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. म्हणाले, "दोन वर्षं बिचारीनं गढूळच प्यायलं." त्यांनी आत जाऊन वही आणली, लाल पेनानं 'बदलला (पुणे)' वर एक रेघ मारली आणि वर लिहिलं, 'नाही'. मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, "काढ तो आता."

जुना फिल्टर रात्रभर पालथा ठेवून निथळवला आणि दुसऱ्या दिवशी अण्णांनी तो हॅकसॉनं कापून मला उघडून दाखवला. आत नऊवारीच्या निऱ्यांसारखा चुण्या घातलेला कागद, मुळात पिवळसर, आता काळा. उलगडला तर तीन हात लांब पट्टी निघाली. एवढ्याशा डब्यात एवढा कागद यासाठी, की ऑइलला गाळून जायला जास्तीत जास्त जागा मिळावी. केसाच्या जाडीहून बारीक कणही त्यात अडकतात. आणि हा कागद पुरता तुंबला तर? तर फिल्टरमधली एक छोटी स्प्रिंगची झडप उघडते आणि ऑइल न गाळताच पुढे जातं. इंजिन कोरडं पडण्यापेक्षा मळकं ऑइल बरं, हा त्यामागचा विचार. म्हणून जुना फिल्टर राहून गेला तरी गाडी बंद पडत नाही, दिवा लागत नाही, काही कळत नाही. लबाडी खपते ती यामुळेच. निऱ्यांच्या घडीत दोन ठिकाणी बारीक चमकते कण होते. अण्णांनी ते नखावर घेऊन चष्म्याजवळ नेले आणि काही न बोलता पुसून टाकले.

नवा फिल्टर बसवणं सोपं, पण तिथे एक धोका आहे. जुन्या फिल्टरची रबरी रिंग कधी कधी इंजिनालाच चिकटून मागे राहते. तिच्यावर नवा फिल्टर आवळला तर दोन रबरं एकमेकांवर बसतात, आणि इंजिन सुरू झाल्यावर दाबाने ऑइल तिथून बाहेर फेकलं जातं. म्हणून आधी ती जागा बोटानं चाचपायची, चिंधीनं पुसायची. नव्या रबराला नव्या ऑइलचं बोट फिरवायचं. मग फिल्टर हाताने फिरवत न्यायचा, रबर टेकलं की तिथून पाऊण फेरा, बास. पान्याची गरज नाही. चेंबरच्या बोल्टला नवा वॉशर घालायचा आणि तोही बेताचाच आवळायचा. पान्याला पाइप लावून आवळणाऱ्यांनी चेंबरचे आटे घालवलेले अण्णांनी पुष्कळ दुरुस्त केले आहेत.

फिल्टर बसवण्याआधी त्यांनी ऑइलपेंटची डबी आणि ब्रश माझ्या हातात दिला. मी म्हटलं, तुम्हीच लिहा. त्यांनी लिहिलं. सातला रेघ मारून.

ऑइलवरून मात्र आमची जुंपली. अण्णांचा जीव जाड ऑइलवर, वीस-चाळीसवर. मी आणलं होतं ५डब्ल्यू-३०, कारण गाडीच्या पुस्तकात ते दिलं आहे. नव्या डब्याचं झाकण काढून त्यांनी बोटांवर घेतलं आणि तोंड वाकडं केलं. "पाण्यासारखं आहे गं." इथे मी हटले नाही. त्या आकड्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. गार असताना ऑइल किती सहज वाहतं ते पहिला आकडा सांगतो, आणि शंभर अंशांना तापल्यावर किती जाड राहतं ते दुसरा. रात्रभर उभ्या गाडीत ऑइल खाली चेंबरमध्ये उतरून बसलेलं असतं. सकाळी चावी फिरवल्यावर पहिले काही क्षण वरचे भाग जवळजवळ कोरडेच फिरतात, आणि त्या क्षणांतली झीज फार. पातळ ऑइल तिथे लवकर पोचतं. आताच्या इंजिनांतल्या फटी आणि वाटाही तशाच बारीक ठेवलेल्या असतात. अण्णांनी ऐकून घेतलं. गुडघ्यांवर हात ठेवून खुर्चीतून उठताना म्हणाले, "उठतानाच त्रास, हे खरं आहे." ५डब्ल्यू-३० गेलं. ऑइल तीन लिटरच्या आसपास लागतं, पण एकदम सगळं ओतायचं नाही. थोडं कमी घालायचं, इंजिनातली ऑइल मोजायची पट्टी बघायची, गाडी सुरू करायची. पणतीतून थेंब पडावा तशा चित्राचा ऑइलचा लाल दिवा दोन-तीन सेकंदांत विझला. गाडी बंद करून, खाली गळती नाही ना बघून, पाच मिनिटांनी पुन्हा पट्टी. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेला लागून.

एवढं झाल्यावर टोपल्यातलं काळं ऑइल उरलं. आणि खरा वाद त्याचाच झाला.

आमच्या अंगणात काळ्या ऑइलचं एक जुनं डबडं कायम असायचं. फाटकाच्या बिजागऱ्यांना तेच. गोठ्याच्या मेढींना वाळवी लागू नये म्हणून बुंध्याशी तेच ओतायचं. आळीत कुणाचं स्लॅबचं काम निघालं की सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला मिस्त्री मागून न्यायचा. उरलेलं कडेच्या गटारात. अण्णांच्या लेखी ही काटकसर होती, कशाचंही वाया जाऊ न देणं. त्यांनी डबडं काढूनही ठेवलं होतं.

मी नको म्हटलं.

ते चकित झाले. "माझे वडील बैलगाडीला वंगण घालायचे. नळकांडं गाडीलाच टांगलेलं. ते कुठे सांडलं, कुठे पडलं, कुणी बघितलं?"

त्यावर मला उत्तर सुचायला वेळ लागला, कारण आजोबांच्या वंगणाबद्दल मला माया आहे. पण ते वंगण एरंडेलाचं होतं. बांधावरच्या एरंडाच्या बिया, घाण्यावर काढलेलं तेल, आसाला लावलेलं, मातीत पडलेलं. मातीतून आलं, मातीत जिरलं. ओसाड गावात एरंड बळी म्हणून आपण या झाडाला हिणवतो, पण पहिल्या महायुद्धातल्या कितीतरी विमानांची इंजिनं एरंडेलावर फिरली. कॅस्ट्रॉल हे नावसुद्धा १९०९मध्ये एरंडाच्या इंग्रजी नावावरून, कॅस्टरवरून, घेतलेलं आहे, कारण त्या ऑइलात एरंडेल मिसळलं होतं. टोपल्यातलं हे काळं ऑइल त्या जातीचं नाही. ते जमिनीखालच्या खनिज तेलाचं, त्यात रसायनं, झिजलेल्या धातूचे कण आणि जळण्यातून तयार झालेली अशी द्रव्यं, जी वर्षानुवर्षं कातडीला लागत राहिली तर कर्करोगाचा धोका असतो. मेढीच्या बुंध्याशी ओतलेलं मातीत राहतं. गटारात ओतलेलं ओढ्याला जातं, आणि आमचा ओढा कृष्णेला. प्रीतिसंगमावर आपण संध्याकाळी ज्या पाण्याकडे बघत बसतो, त्याच पाण्यावर थेंबभर ऑइल पडलं तर केवढा रंगीत पडदा पसरतो ते प्रत्येकाने पाहिलेलं आहे.

मी अण्णांच्या हातांकडे बघत होते. लहानपणी डेपोतून आल्यावर ते हात आधी रॉकेलनं धुवायचे, मग साबणानं, तरी बोटांच्या भेगांतल्या काळ्या रेघा जायच्या नाहीत. मला वाटायचं, बाबांचे हात असेच असतात. आता मी रबरी हातमोजे घालते. त्यांना तेव्हा कुणी दिले नाहीत.

शेवटी मी विचारलं, "अण्णा, डेपोत काळं ऑइल कुठे जायचं?"

"पिंपात."

"सगळं?"

"लिटर-लिटरचा हिशेब असायचा. पिंपं भरली की लिलाव व्हायचा, ठेकेदार घेऊन जायचा."

"मग घरचं का नाही?"

ते गप्प बसले. मलाही पुढे काही बोलवेना. बऱ्याच वेळाने त्यांनी ते डबडं पायाने बाजूला सारलं आणि म्हणाले, "कॅनमध्ये भर. पाणी जाऊ देऊ नकोस त्यात, नाही तर ते कामाचं राहत नाही."

आपल्याकडे वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, २०१६च्या नियमांत तसं दिलं आहे. २०२३मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२४पासून ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर वापरलेल्या ऑइलच्या पुनर्वापराची जबाबदारी आली. पण घरी ऑइल बदलणाऱ्याने आपला तीन लिटरचा कॅन नेमका कुठे नेऊन द्यायचा, हे सांगणारी पाटी मला कोणत्याही गावात दिसली नाही. हे व्हायला हवं. कारण ते ऑइल खरं तर संपलेलं नसतं. मूळ तेल फारसं झिजत नाही, मळतं; त्यात घातलेली रसायनं तेवढी खर्च होतात. कारखान्यात पाणी आणि मळ वेगळा काढून, ऊर्ध्वपातन करून त्याचं पुन्हा चांगलं तेल तयार होतं, आणि ते पुन्हा कुठल्या तरी इंजिनात जातं. गटारात ओतताना आपण तेही ओततो.

महामार्गालगत एका गॅरेजच्या मागे दोन निळी पिंपं आहेत. अधूनमधून टेम्पो येऊन ती घेऊन जातो. तिथल्या मेकॅनिकला मी कॅन दाखवला तर त्याने आधी संशयानं विचारलं, "किती पैसे पाहिजेत?" काही नको म्हटल्यावर त्याने फनेल आणून दिलं. मी स्वतः ओतलं. नव्याच्या कॅनमध्ये जुनं ओततानाच मी मोजलं होतं, तीन लिटरला थोडं कमी.

घरी आले तेव्हा अण्णा वही उघडून बसले होते. तारीख लिहिलेली होती, किलोमीटर लिहिलेले होते, ५डब्ल्यू-३० लिहिलेलं होतं, फिल्टर लिहिलेला होता.

"किती निघालं?"

"पावणेतीन."

"पाव लिटर खाल्लं," ते स्वतःशीच म्हणाले, "चालतं वर्षाला." मग त्यांनी पट्टी घेतली, पानाच्या उजव्या कडेला उरलेल्या बोटभर जागेत वरून खाली एक रेघ ओढली आणि नव्या रकान्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं, 'कुठे दिलं'.

"हं, सांग," ते म्हणाले. "गॅरेजचं नाव काय?"